हे चारशे छत्तीस खंय गेले?

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात वेंगुर्ल्यातल्या एका शाखेत पासबुक भरून घ्यायला रांगेत उभा होतो. माझ्या पुढे काजूच्या कारखान्यात काम करणारी चाळिशीतली बाई होती. काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं पासबुकातल्या एका ओळीवर ठेवून तिने विचारलं, "साहेबानू, हे चारशे छत्तीस खंय गेले?" काउंटरवरच्या मुलाने "इन्शुरन्स" एवढंच सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली. पासबुकात त्या रकमेसमोर नुसती इंग्रजी अक्षरांची जुडी होती. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे, खातेदार गेल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात, हे मी तिला बाहेर व्हरांड्यात सांगितलं. ती म्हणाली, "माका कोणी सांगूकच नाय."

पैसे सांभाळणारी संस्था आणि खातेदार यांच्यात बोलणं का आटलं, याची गोष्ट कोकणात बरीच मागे जाते.

इथला रोकडा पैसा पिढ्यान् पिढ्या मुंबईहून आला. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली, १८८२ साली बचत बँक. गिरणीतला चाकरमानी पगार झाला की फॉर्म भरायचा. त्या फॉर्मला खाली मजकुरासाठी थोडी जागा असे. 'लावणीला गडी लाव, उरलेले वाण्याला दे' एवढं तिच्यात मावायचं. खाडी ओलांडून, घाटी चढून आलेला पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजायचा, अंगठा घ्यायचा आणि तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. घरच्या बाईने काही विचारलं तर उत्तरही द्यायचा. सरकारी खात्याचा माणूस रुपयांबरोबर त्यांचा अर्थही घरपोच करत होता. पैशाच्या व्यवहारात याहून चांगली ग्राहकसेवा मला माहीत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, अनेकांना गिरणीचं दार पुन्हा दिसलं नाही. कितीतरी घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या आणि पोस्टमनच्या फेऱ्याही.

तोवर दुसरा माणूस बाजारपेठेत रुळला होता, पिग्मीवाला. ही कल्पना याच किनाऱ्यावर, पण खूप खाली दक्षिणेला जन्मली. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली रोज दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली. आपल्याकडे पतपेढ्यांनी आणि नागरी बँकांनी ती पद्धत मनापासून उचलली. संध्याकाळी मासळीबाजारात, रिक्षाथांब्यावर, चहाच्या टपरीवर तो फिरतो, पन्नास-शंभर रुपये घेतो, पावती देतो. कर्जाचा अर्ज कुठे अडला, ठेवीचा दर किती झाला, हे त्याच्याचकडून कळतं. मासळीवाली त्याला नावाने ओळखते, संस्थेचं पूर्ण नाव तिला सांगता येईलच असं नाही.

इथेच एक धोकाही होता आणि तो मला फार जवळून दिसला आहे. आमच्या ओळखीतल्या एका घराने आयुष्यभराची पुंजी एका पतसंस्थेत ठेवली होती, कारण पिग्मीवाला भला माणूस होता. तो खरोखरच भला होता. पण बँकेतल्या ठेवींना मिळणारं विमा संरक्षण (आज ते प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे, फेब्रुवारी २०२० पूर्वी १ लाख होतं) सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीला लागू नसतं, हे त्यालाच माहीत नव्हतं. संस्था बंद पडली तेव्हा लोक आधी त्याच्या घरी गेले. तोंडी भरवशाला लेखी खुलाशाची जोड नसली की असं होतं. संस्थेने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर लिहून सांगायलाच हव्यात अशा काही गोष्टी असतात. त्या एजंटाच्या खांद्यावर टाकणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

मोठ्या बँकांची वाट वेगळी. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षाअखेरीस अग्रणी बँक योजना आली, म्हणजे एकेका जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचं पुढारपण एकेका बँकेकडे दिलं गेलं, आणि तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा बँक ऑफ इंडियाकडे गेला. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याचीही अग्रणी बँक तीच. तालुक्याच्या गावांपलीकडे शाखा पोचल्या, हे मोठंच काम होतं. पण साहेब बदलीचा, फॉर्म इंग्रजी, आणि खातेदार आवाज खाली करून बोलणारा. ग्राहकसेवेवर समित्या नेमल्या गेल्या, १९७५ साली तलवार समिती, १९९० साली गोईपोरिया समिती, २०१० साली दामोदरन समिती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, म्हणून तरी त्या बँकेची परिपत्रकं कोकणात जास्त आस्थेने वाचली जावीत असं मला वाटतं. पासबुकात खातेदाराला उमगणार नाहीत अशा नोंदी करू नका, हे तिने बँकांना वारंवार सांगितलं आहे. जून २०१७ मध्ये तर कोणत्या नोंदीसमोर किमान कोणता तपशील हवा, हेही लिहून दिलं.

मग ती इंग्रजी जुडी अजून का? हाताने खातेवही लिहिली जायची तेव्हा कारकून निदान 'विमा' असं मराठीत लिहू शकत होता. संगणक आल्यावर मुंबईत किंवा आणखी दूर ठरलेला संकेत वेंगुर्ल्याच्या पासबुकावर जसाच्या तसा छापला जाऊ लागला. मोबाइलवरचे संदेशही बहुतेक इंग्रजीतच येतात, आणि त्यांना उलट उत्तर पाठवता येत नाही. मेच्या अखेरीस ४३६ कापले जाणार हे आधीच ठरलेलं असतं. आंबा बागायतदाराच्या पीककर्जातून फळपीक विम्याचा हप्ता जातो, तोही ठरलेल्या हंगामात. भरपाई बागेतलं नुकसान बघून मिळत नाही, ती हवामान केंद्रावरच्या पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदींवर ठरते, हे हप्ता जाण्याआधी कळलं तर बागायतदार निदान योग्य प्रश्न विचारील. पण सगळं कळतं ते पैसे गेल्यावर.

बँकेने किंवा पतसंस्थेने खातेदारांसाठी नियमित पत्रक काढायचं ठरवलं तर सुरुवात याच गोष्टींपासून व्हावी. अशा पत्रकांत वर्धापनदिनाचे फोटो आणि अध्यक्षांच्या शुभेच्छा पुष्कळ झाल्या.

यंदा मेमध्ये पुन्हा त्याच शाखेत गेलो. खांबावर स्केचपेनने लिहिलेला एक कागद चिकटवला होता: '४३६ रुपये म्हणजे जीवन विमा. वर्षातून एकदा. २० रुपये म्हणजे अपघात विमा. नको असेल तर अर्ज खिडकी क्रमांक २ वर द्या.' कोणी लिहिला विचारलं तर शिपायाने स्वतःकडे बोट दाखवलं. कागदासमोर तिघी-चौघी उभ्या होत्या, एकजण मोठ्याने वाचत होती आणि बाकीच्या आपापली पासबुकं उघडून त्यात बघत होत्या.