ओझरचं मिग आणि विमान मालकीचं स्वप्न

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला हवाई दलाच्या मिग-२१ या मूळ सोव्हिएत लढाऊ विमानांना निरोप देण्यात आला. त्यानंतर नाशिकमधल्या विमानवेड्यांच्या गप्पांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: यातलं एखादं आपल्याला विकत मिळेल का? जगात कुठे कुणाकडे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश स्पिटफायर आहे, कुणाकडे अमेरिकी मस्टँग आहे, अमेरिकेत तर पूर्व युरोपातून आलेली मिग-२१ सुद्धा खासगी मालकीची आहेत. मग ज्या जिल्ह्यात ही विमानं शेकड्यांनी बनली, तिथल्या माणसाने नुसतं मान वर करून बघायचं?

ओझरला अजूनही पुष्कळ लोक ‘ओझर मिग’ म्हणतात. गावाच्या नावाला विमान चिकटण्याचं हे उदाहरण दुर्मिळच असावं, आणि त्यामागचा इतिहास १९६२ पासून सुरू होतो. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळाल्यावर भारतालाही स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, लढाऊ विमान हवं होतं. मॉस्कोने विमानासोबत ते इथे बनवण्याचा परवानाही देऊ केला आणि ऑगस्ट १९६२ मध्ये करार झाला. दोन महिन्यांत चीनशी युद्ध पेटलं. युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर आहे. पण ते लोकसभेत गेले ते १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून, आणि तेही बिनविरोध, हा तपशील मात्र मागे पडतो. मिगच्या सांगाड्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला, इंजिनाचा ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा हैदराबादला, अशी वाटणी झाली. त्यासाठी काढलेली एरोनॉटिक्स इंडिया ही कंपनी १ ऑक्टोबर १९६४ रोजी बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन झाली आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, हे नाव रूढ झालं.

सुरुवातीला रशियातून आलेले भाग जोडून विमान उभं करायचं, मग एकेक भाग इथेच घडवायचा, असा क्रम होता. कच्च्या मालापासून इथे बनलेलं पहिलं मिग-२१, त्याचा एफएल हा प्रकार, १९७० मध्ये हवाई दलाला मिळालं. पुढे एम, मग बिस हे प्रकार, आणि १९८० च्या दशकात मिग-२७. एचएएलने सगळी मिळून ६५७ मिग-२१ बनवली. एफएलला वैमानिक ‘टाईप ७७’ म्हणत. ज्या स्टारफायटरमुळे हा सगळा खटाटोप झाला, त्याच्याशी या विमानाची गाठ डिसेंबर १९७१ मध्ये पडली. १२ तारखेला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांच्या एफएलने एक स्टारफायटर पाडलं. नंतर दोनच दिवसांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग-२१ विमानांनी रॉकेटं डागली.

हे झालं आपल्या घरचं. विमान खासगी माणसाच्या हाती कसं जातं, हा वेगळा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात भंगाराच्या बाजारात होते.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेकडे हजारो विमानं पडून होती आणि त्यांचं करायचं काय हा मोठाच प्रश्न होता. पॉल मँट्झ नावाच्या हॉलिवूडमधल्या वैमानिकाने १९४६ मध्ये ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरच्या मैदानावर उभी असलेली ४७५ लढाऊ आणि बाँबफेकी विमानं एकगठ्ठा ५५,००० डॉलरला घेतली. म्हणजे एक विमान सव्वाशे डॉलरच्याही आत! टाक्यांमधलं पेट्रोल त्याने विकलं, बारा विमानं ठेवून घेतली आणि उरलेली भंगारात काढली. ठेवलेल्यांत पी-५१ मस्टँग होती. त्यांवर त्याने १९४६, ४७ आणि ४८ अशी लागोपाठ तीन वर्षं बेंडिक्स ही विमानांची शर्यत जिंकली. पुढे १९५७ मध्ये टेक्सासच्या लॉईड नोलेनने चार मित्रांसह एक मस्टँग १,५०० डॉलरला घेतलं. दुसऱ्या वर्षी बेअरकॅट जातीची दोन लढाऊ विमानं प्रत्येकी ८०५ डॉलरना आली. जुनी लढाऊ विमानं उडती ठेवणारी अमेरिकेतली एक मोठी संस्था या खरेदीतून उभी राहिली. या माणसांकडे कुबेराचा खजिना नव्हता. सरकार विकत होतं, त्यांनी घेतलं.

आज हा बाजार पार बदललाय. जुलै २०१५ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात पी९३७४ या क्रमांकाचं स्पिटफायर मार्क वन ३१ लाख पौंडांच्या वर गेलं. ते १९४० मध्ये फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर वाळूत उतरलं होतं आणि वाळूनेच ते गिळलं. चाळीस वर्षांनी समुद्राने उघडं पाडलं तेव्हा हाती सांगाडाच आला. म्हणजे स्पिटफायरचा मालक खरं तर एक क्रमांक, एक इतिहास आणि थोडंफार मूळ धातू विकत घेतो. बाकीचं कारागिरांच्या हातून नव्याने घडतं.

या व्यवहारात भारताचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. युद्धानंतर कानपूरच्या तळावर बी-२४ लिबरेटर या अमेरिकी बाँबफेकी विमानांचा मोठा ताफा सोडून दिलेला होता. ही विमानं उधार-उसनवार (लेंड-लीज) करारातली, म्हणजे अमेरिकेने युद्धापुरती मित्रराष्ट्रांना दिलेली. कराराप्रमाणे ब्रिटिशांना ती ठेवून घेता येत नव्हती, म्हणून कुणालाच उपयोगी पडू नयेत अशी त्यांची मोडतोड केली गेली. १९४८ मध्ये बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं तिथे पोहोचली आणि या ढिगातून उडू शकतील अशी विमानं त्यांनी निवडली. एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावत, जेमतेम डागडुजी करून त्यांनी ती तयार केली, आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी कानपूरहून बंगळुरूपर्यंत नेली. तिथे ती नीट दुरुस्त झाली आणि हवाई दलाच्या पाच क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. तोवर बाकी जगाने आपली लिबरेटर केव्हाच वितळवून टाकली होती.

म्हणून आज परदेशातल्या संग्रहालयांत दिसणाऱ्या कित्येक लिबरेटरांचा पत्ता शोधत गेलं की भारत सापडतो. अ‍ॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं १९६९ मध्ये इथूनच गेलं, लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं १९७४ मध्ये. जबलपूरजवळ खमरियाला पडलेलं एक विमान १९८० च्या दशकात आधी एका ब्रिटिश संग्राहकाने घेतलं. त्याच्याकडून ते अमेरिकेत गेलं आणि १९८९ मध्ये पुन्हा उडालं. सत्तरच्या दशकात ब्रिटिश संग्राहक ऑर्मंड हेडन-बेली याने इथून स्पिटफायर आणि टेम्पेस्ट विमानं नेली. आपल्या तळांवर कोपऱ्यात पडलेले किंवा तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी ठेवलेले हे सांगाडे होते. आपण निगुतीने वापरलं आणि अडगळ म्हणून देऊन टाकलं. घेणाऱ्याला मात्र त्याची किंमत ठाऊक होती. याचा राग धरण्यात मला अर्थ वाटत नाही. ती इथेच राहिली असती तर पावसात कुजली असती, आणि दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट, वापिटी, लायसँडर आणि एक लिबरेटर उरलंय हेही कमी नाही.

उलट दिशेने आलेलं विमान म्हणजे डकोटा, महायुद्धाच्या काळातलं वाहतूक विमान. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमधून एक जुनं डकोटा मिळवून ते दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर स्वतः डकोटाचे वैमानिक. २०१८ मध्ये ते उडत भारतात आलं. त्याला ‘परशुराम’ हे नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला शीख पलटण उतरवणाऱ्या विमानांची आठवण म्हणून. हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यात त्याच्या जोडीला टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही जुनी प्रशिक्षण विमानं आहेत. खासगी पैसा आणि जुनं लष्करी विमान यांची भारतात पडलेली ही ठळक गाठ, आणि तिथेही मालकी शेवटी हवाई दलाचीच.

आता मिग-२१ कडे. आपल्याकडे सेवेतून बाद झालेलं लढाऊ विमान संस्थेला मिळतं, माणसाला नाही. शाळा-महाविद्यालय, संग्रहालय, महापालिका यांनी मागणी केली आणि ती मान्य झाली तर ते चौथऱ्यावर चढतं. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत आहे ते असंच. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बंगळुरूला घडलेलं हे विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं आणि एकूण १४७ बनली. माझ्या मते ते आपलं सर्वांत देखणं लढाऊ विमान. जर्मन मंडळींनी तर एक म्युनिकजवळच्या संग्रहालयात नेऊन ठेवलंय. त्यातलं एकही आज उडत नाही.

सरकारांच्या हात आखडण्याला कारणंही असतात. अमेरिकेने २००६ मध्ये एफ-१४ टॉमकॅट निवृत्त केली आणि नंतर बरीचशी चक्क यंत्रात घालून चिंध्या केली, कारण हेच विमान इराणकडे होतं आणि सुटे भाग तिकडे पोहोचण्याची भीती होती. मिगचे सुटे भाग कुठे फिरतात याची फिकीर दिल्लीला वाटली तर नवल नाही.

समजा परवानगी मिळाली, तरी मिग-२१ पाळणं म्हणजे पांढरा हत्ती. उतरताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतो, त्यामुळे लांब धावपट्टी लागते. टुमान्स्की इंजिनाचे तास मोजून दिलेले. ते भरले की पूर्ण उघडून दुरुस्ती. वैमानिकाच्या आसनाखाली त्याला संकटात बाहेर फेकणारी स्फोटक काडतुसं, आणि त्यांचीही मुदत संपते. इंधन इतक्या झपाट्याने जातं की मालकाला हौस पुरवता पुरवताच उतरायची वेळ येते. टायगर मॉथचा मामला वेगळा: लाकूड, कापड आणि सव्वाशेच्या आसपास अश्वशक्तीचं इंजिन. पण नाशिकमध्ये कुणाला विचारा, टायगर मॉथ हवंय असं कुणी म्हणणार नाही. ज्याच्या आवाजाने खिडकीची काच थरथरली, त्याच्यावरच जीव जडतो.

मला विचाराल तर खासगी मालकीपेक्षा एक वेगळी मागणी अधिक रास्त वाटते. व्हिंटेज ताफ्यात डकोटा आणि हार्वर्डशेजारी ओझरला बनलेलं एक टाईप ७७ असावं, आणि ते उडतं असावं. एफएल ११ डिसेंबर २०१३ रोजी पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंड्याला निवृत्त झालं. पण त्याच कुळातली बिस विमानं नाशिकलाच सुधारून बायसन झाली आणि २०२५ पर्यंत उडत होती, म्हणजे हात आणि हत्यारं दोन्ही अगदी अलीकडेपर्यंत सरावात होती. कारखान्यात मात्र आता जागा दुसऱ्यांना लागते आहे. सुखोईचं काम आहेच, आणि मिगच्या निरोपाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए ओझरच्या धावपट्टीवरून उडालं. मिगच्या जोडणीवर आयुष्य घालवलेले फिटर आणि तंत्रज्ञ एकेक करून निवृत्त होत आहेत. एक टाईप ७७ उडतं करायचं असेल तर ते काम त्यांच्याच देखरेखीखाली व्हायला हवं, आणि त्यासाठी फार वर्षं हातात नाहीत.