बंद झालेली स्वस्त एन्झाइमं जेनेरिक नव्हती

‘अमेरिकन सरकारने स्वादुपिंडाची स्वस्त जेनेरिक एन्झाइमं (अन्न पचवणाऱ्या कॅप्सूल) बंद केली आणि महागडे ब्रँड रुग्णांच्या माथी मारले.’ हे इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. महागाईची तक्रार खरी आहे. ‘जेनेरिक’ मात्र साफ चूक.

जेनेरिक म्हणजे काय, हे जनऔषधी केंद्रात जाणाऱ्यांना सांगायला नको. मूळ औषधाशी बरोबरी दाखवून मान्यता मिळवलेलं, म्हणून स्वस्त असलं तरी निर्धास्त घ्यावं असं.

बंद झालेल्या कॅप्सूलना मान्यताच नव्हती. डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली ही औषधं १९३८ च्या औषध कायद्याआधीपासून विकली जात होती, आणि एफडीएकडून, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाकडून, मंजुरी न घेताच चालत राहिली. ब्रँडवालेही त्यातच: क्रेऑनला मान्यता मिळाली ती एप्रिल २००९ मध्ये. बाजारात मान्यताप्राप्त मूळ औषधच नसेल, तर जेनेरिकने बरोबरी करायची कुणाशी?

‘कागदाचाच फरक ना?’ असं विचारणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. एन्झाइमं बाटलीत पडून क्षीण होतात. म्हणून कंपन्या लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्तच भरत. किती जास्त, ते ज्याचं त्याला ठाऊक. नवी बाटली जोरदार, मुदत संपत आलेली मिळमिळीत. सिस्टिक फायब्रोसिस (स्वादुपिंडाची एन्झाइमं आतड्यात नीट पोचू न देणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलाला एन्झाइम कमी पडलं की शौचाला तेलकट होतं, वजन वाढत नाही. अतिरेकही वाईट: १९९४ मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी जादा ताकदीची एन्झाइमं घेणाऱ्या मुलांचं मोठं आतडं आकसल्याची नोंद केली. त्यानंतर जेवणागणिक, वजनाच्या किलोमागे २,५०० लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) युनिटची मर्यादा आली. पण कॅप्सूलमधला आकडाच बेभरवशाचा असेल, तर डॉक्टरने हिशेब कशाचा करायचा?

म्हणून २००४ मध्ये एफडीएने सगळ्यांना मान्यता घ्यायला लावली. २००८ ची मुदत २०१० पर्यंत वाढवली. २८ एप्रिल २०१० ला ती संपली, तेव्हा क्रेऑन, झेनपेप आणि पॅन्क्रिएझ एवढीच मान्यताप्राप्त होती. बाकीच्या औषधांवरच्या रुग्णांना बदल करावा लागला, डोस नव्याने बसवावा लागला; यातलं एक दुसऱ्याच्या जागी आकडा जुळवून देता येत नाही. खर्चही वाढला. माझ्या मते नियम योग्यच होता, पण त्याचं बिल रुग्णाने भरलं.

जेनेरिकसाठी भांडायचंच, तर २०२० बद्दल भांडा. त्या मार्चमध्ये पॅन्क्रिलायपेजची, म्हणजे याच कॅप्सूलमधल्या एन्झाइम-मिश्रणाची, गणना जैविक औषधांत (सजीवांपासून मिळणाऱ्या औषधांत) झाली आणि जेनेरिकचा नेहमीचा रस्ता बंद झाला. उरला बायोसिमिलरचा, म्हणजे मूळ जैविक औषधाशी खूप मिळतंजुळतं असल्याचं सिद्ध करण्याचा; जास्त खर्चाचा आणि लांबचा.

लेबलवर पॅन्क्रिएटिन आहे की पॅन्क्रिलायपेज, यावर फार डोकं शिणवू नका. दुसऱ्यात लायपेजचं प्रमाण जास्त, इतकंच. पण दुकानातलं पचनाचं ‘सप्लिमेंट’ ही या कॅप्सूलची स्वस्त आवृत्ती समजून परस्पर बदल करू नका. त्याला औषधासारखी मंजुरी लागत नाही, म्हणजे लेबलचा तोच जुना घोळ पुन्हा.