'अनांके' आणि 'देइ' : नव्या करारातले दोन प्रकारचे 'भाग आहे'

बायबलच्या नव्या करारातल्या लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मोठ्या मेजवानीचा दाखला आहे. ताटे मांडून झाल्यावर बोलावणे जाते, तेव्हा आमंत्रितांपैकी पहिला निरोप पाठवतो की, मी शेत विकत घेतले आहे, ते जाऊन पाहणे मला भाग आहे, तरी माफी असावी. (शेत आधी घेतले आणि मग पाहायला निघाला, हा भाग निराळा.) पाच अध्याय पुढे, यरीहो नगरात, उंबराच्या झाडावर चढून बसलेल्या जक्कय नावाच्या मुख्य जकातदाराला येशू सांगतो की, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी राहिलेच पाहिजे. मराठीत दोन्ही ठिकाणी 'भाग आहे' म्हटले तरी वाक्य अडत नाही. मूळ ग्रीकमध्ये मात्र शेतवाल्याच्या तोंडी 'अनांके' हे नाम आहे, तर येशूच्या तोंडी 'देइ' हे क्रियापद. लेखक एक, ग्रंथ एक, आणि तरी शब्द दोन; यामुळे हा फरक केवळ शैलीचा आहे असे मानणे अवघड जाते. एक जण अनांकेचे नाव सांगून पंगत चुकवतो, तर दुसरा देइ म्हणत, कोणी न बोलावता, गावाने वाळीत टाकल्यासारख्या माणसाच्या घरी जातो.

अनांके म्हणजे दाब. ज्याच्यावर तो पडतो त्याची इच्छा त्यात विचारात घेतलेली नसते. होमरच्या 'इलियड'च्या सहाव्या सर्गात हेक्टर आपल्या पत्नीला, अँड्रोमाकीला, ट्रॉय पडल्यावर तिची काय गत होईल ते सांगतो: परक्या घरी दुसरीच्या हुकमाने माग चालवावा लागेल, झऱ्याचे पाणी वाहावे लागेल, तेही मनाविरुद्ध, कारण बलवत्तर अनांके तुझ्यावर पडलेली असेल. ग्रीक मनात या शब्दाची प्रतिमा अशी, गुलामीच्या जवळची, होती. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या अखेरच्या भागात अनांकेला देवीच केले असून विश्वाची चाती तिच्या मांडीवर फिरते आणि तिन्ही दैवदेवता तिच्या मुली आहेत, असे वर्णन केले आहे. अनांकेशी देवसुद्धा झुंजत नाहीत, हे कवी सिमोनिडीसचे वचनही प्लेटोनेच उद्धृत केले आहे.

नव्या कराराच्या लेखकांकडे हा शब्द आणखी एका वाटेने आला. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात, विशेषतः स्तोत्रांमध्ये, 'अनांके'चे अनेकवचन संकटांसाठी वापरलेले आहे. मराठी बायबलच्या गणतीच्या 107 व्या स्तोत्रात लोक परमेश्वराचा धावा करतात आणि तो त्यांना त्यांच्या 'अनांकां'तून सोडवतो. त्यामुळे प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीला, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपण सोसलेल्या गोष्टींची यादी देताना 'अनांकांमध्ये' असे लिहितो, तेव्हा तो दैवाविषयी बोलत नसून हालअपेष्टांविषयी बोलत असतो. लूकच्या एकविसाव्या अध्यायात यरुशलेमवर येणाऱ्या 'मोठ्या अनांके'चा अर्थही हाच आहे.

शब्दाचा खरा स्वभाव त्याच्यासमोर कोणता शब्द उभा केला जातो यावरून कळतो, आणि अनांकेच्या बाबतीत पौलाने ते काम दोनदा करून ठेवले आहे. फिलेमोन याला लिहिलेल्या छोट्या पत्रात अनेसिम या दासाला परत पाठवताना तो म्हणतो की, तुला आज्ञा करण्याइतके धैर्य मला आहे, अनेसिमाला मी जवळ ठेवूनही घेतले असते, परंतु तुझा चांगुलपणा अनांकेने नव्हे तर स्वखुशीने व्हावा म्हणून तुझ्या संमतीवाचून मी काही केले नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतानाही त्याचे सांगणे असे आहे की, प्रत्येकाने मनात ठरवले असेल तसे द्यावे, खेदाने किंवा अनांकेपोटी देऊ नये. अनांकेच्या विरुद्ध बाजूला स्वखुशी आहे. देइच्या विरोधात मात्र स्वखुशी अशी उभी केलेली दिसत नाही, आणि माझ्या मते दोन शब्दांतला सर्वांत उपयोगी भेद हाच आहे.

देइ हे अकर्तृक क्रियापद आहे. त्याला कर्ता नसतो. कोण भाग पाडतो हे वाक्यात येत नाही. नव्या करारात ते सुमारे शंभर वेळा येते आणि त्यांपैकी चाळीसच्या आसपास वेळा एकट्या लूकच्या दोन ग्रंथांत, म्हणजे त्याच्या शुभवर्तमानात आणि प्रेषितांच्या कृत्यांत. उलट अनांके सतरा वेळाच सापडतो. लूकच्या तेविसाव्या अध्यायातले सतरावे वचन, जे जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही, ते धरले तर अठरा. देइ कसे चालते हे मराठी वाचकाला 'पाहिजे'वरून चटकन कळेल. 'मला जावे लागले' म्हटले की मी गेलो हे निश्चित झाले, पण 'मी जायला पाहिजे होते' म्हटले की बहुधा गेलो नाही. देइच्या भूतकाळी रूपात ही दुसरी छटा वारंवार दिसते. मत्तयच्या अठराव्या अध्यायात धनी त्या निर्दय दासाला विचारतो की, मी तुझ्यावर दया केली तशी तूही आपल्या सोबतीच्या दासावर करायला नको होती काय? तेथे देइच आहे, आणि दासाने दया केलेली नाही. जे 'पाहिजे' असते ते मोडता येते; म्हणूनच त्याबद्दल जाब विचारता येतो. दाबाखाली झालेल्या गोष्टीबद्दल असा जाब कोण विचारणार?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात देइची दोन्ही रूपे एकाच भाषणात शेजारी शेजारी आहेत. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे गलबत वादळात सापडले आहे, दिवसचे दिवस सूर्य वा तारे दिसलेले नाहीत, गलबतावरच्या 276 जणांच्या पोटात धड अन्न नाही. पौल उभा राहतो आणि प्रथम म्हणतो की, गृहस्थहो, माझे ऐकून तुम्ही क्रेतातून निघायलाच नको होते. हा पहिला देइ: सल्ला योग्य होता, पाळला गेला नाही. मग तो रात्री भेटलेल्या देवदूताचे शब्द सांगतो की, पौला, भिऊ नको, तुला कैसरासमोर (रोमन सम्राटासमोर) उभे राहिले पाहिजे. हा दुसरा, येथे देवाचा संकल्प बोलतो आहे. आणि लगेच तिसरा: तथापि आपल्याला एखाद्या बेटावर लागले पाहिजे. सहा वचनांत तीन देइ आहेत. पहिल्याची पायमल्ली झाली म्हणून पुढच्या दोहोंचे काही बिघडले नाही, आणि पुढचे दोन अटळ आहेत म्हणून पहिल्याची जबाबदारीही कोणावरून उतरली नाही. गलबत पुढे मिलिता, म्हणजे आजच्या माल्टा, बेटाजवळ फुटले आणि सगळे जिवंत किनाऱ्याला लागले.

'मनुष्याच्या पुत्राने पुष्कळ दुःखे सोसावी, हे अवश्य आहे' अशा आशयाची वाक्ये शुभवर्तमानांत जेथे येतात तेथे शब्द देइ आहे, अनांके नाही. मार्कच्या आठव्या अध्यायापासून लूकच्या अखेरीस पुनरुत्थित येशूच्या अम्माऊसच्या वाटेवरच्या संभाषणापर्यंत हे टिकून राहते. मत्तयने तर त्याचा अर्थ प्रसंगातूनच उलगडला आहे. अटकेच्या रात्री तलवार उपसणाऱ्या सोबत्याला येशू म्हणतो की, मी पित्याजवळ मागितले तर तो आत्ता देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक पाठवणार नाही असे तुला वाटते काय? मग असे घडले पाहिजे असे जे शास्त्रलेख सांगतात ते पूर्ण कसे होतील? सुटकेचा मार्ग मोकळा आहे, हे आधी सांगून मग देइ उच्चारलेला आहे. अनांके वापरला असता तर आधीचे वाक्य पोकळ ठरले असते.

असे असताना पौल स्वतःच्या कामाविषयी मात्र अनांकेच वापरतो, ही गोष्ट पहिल्या वाचनाला खटकते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो लिहितो की, सुवार्ता सांगण्यात मला मिरवण्यासारखे काही नाही, कारण माझ्यावर अनांके पडलेली आहे. ती न सांगितली तर माझी धडगत नाही. 'पडणे' हे क्रियापद हेक्टरच्या वाक्यातलेच आहे. पौलाच्या डोळ्यांपुढे होमर होता असे म्हणण्याची गरज नाही, पण शब्दयोजना गुलामीची आहे आणि ती मुद्दाम आहे. त्याचा मुद्दा मजुरीचा आहे: जो आपखुशीने काम करतो त्याला वेतन मिळते, आणि ज्याच्यावर कारभारीपण लादलेले आहे तो कर्तव्य करतो, वेतन मागत नाही. मग पौलाचे स्वतःचे असे काय उरले? मंडळीकडून पैसा न घेता सांगणे, एवढीच त्याची खुशी आणि तेच त्याचे वेतन. येथे देइ घातला तर सगळा युक्तिवादच ढासळतो, कारण देइमध्ये स्वखुशीला मज्जाव नाही.

दोन शब्दांमधली रेघ सरळ मात्र नाही. अडखळणे, म्हणजे पापात पाडणारे प्रसंग, येणारच, असे मत्तय अठराव्या अध्यायात म्हणतो तेव्हा तो अनांके वापरतो, आणि तेथे कोणावर दाब पडलेला नाही. जगाची रीतच तशी आहे, एवढेच म्हणायचे आहे. इब्री लोकांस पत्रात अनांके बहुतेकदा तर्काची आहे: याजकपण बदलले की नियमशास्त्रही बदलणे ओघाने येते.

देइच्या बाजूने खरी पंचाईत योहानाच्या चौथ्या अध्यायात होते. यहूदियातून गालीलात जाताना येशूला मधल्या शोमरोन प्रांतातून 'जावे लागले', आणि तेथेच विहिरीवर एका शोमरोनी बाईची भेट झाली. पुष्कळ प्रवचनांत या एका देइवर देवाच्या योजनेची सबंध इमारत उभी केली जाते. पण पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस आपल्या आत्मचरित्रात सांगतो की, ज्यांना लवकर पोहोचायचे असेल त्यांना शोमरोनातूनच जावे लागे, त्या वाटेने गालीलाहून तीन दिवसांत यरुशलेम गाठता येई. आणि त्याने वापरलेले क्रियापद हेच आहे, देइचे भूतकाळी रूप. म्हणजे हा नुसता जवळचा रस्ता असू शकतो. योहानाने याआधीच्या अध्यायात 'तुम्हाला नव्याने जन्मले पाहिजे' आणि 'मनुष्याच्या पुत्राला उंच केले पाहिजे' ही वाक्ये याच शब्दाने लिहिली असल्यामुळे तो येथे बेसावधपणे आला असेल, असे मला वाटत नाही. तथापि केवळ व्याकरणाच्या बळावर ते सिद्ध करता येणार नाही.