रिप सर्वांत वेगवान मार्ग निवडतो का?

रिप (राउटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल) हा डिस्टन्स-व्हेक्टर प्रकारचा, म्हणजे शेजाऱ्यांनी सांगितलेल्या अंतरांवरून मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल (नियमसंच) आहे. असा प्रोटोकॉल चालवणाऱ्या राउटरजवळ, म्हणजे माहितीची पॅकेटे पुढे पाठवणाऱ्या यंत्राजवळ, संपूर्ण नेटवर्कचा नकाशा असतो आणि त्यावरून तो सर्वांत वेगवान मार्ग शोधतो, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत. नकाशा ओएसपीएफसारख्या लिंक-स्टेट प्रोटोकॉलमध्ये तयार होतो, कारण तिथे प्रत्येक राउटर आपल्या दुव्यांची माहिती सर्वांना कळवतो. १९८८ च्या आरएफसी १०५८ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात वर्णिलेल्या रिपमध्ये मात्र शेजारी राउटर दर ३० सेकंदांनी आपला अंतरांचा तक्ता पाठवतो, राउटर त्यातल्या प्रत्येक अंतरात एक मिळवतो आणि ज्या शेजाऱ्याकडून बेरीज सर्वांत लहान येते, त्याच्याकडे पॅकेट सोपवतो.

हे अंतर म्हणजे निव्वळ हॉपची, म्हणजे राउटर ते राउटर टप्प्यांची, संख्या. ६४ केबीपीएसची संथ दोन हॉपची वाट आणि १ जीबीपीएसची वेगवान तीन हॉपची वाट समोर असेल, तर रिप बेधडक पहिली धरतो. (ईआयजीआरपी हा याच प्रकारचा दुसरा प्रोटोकॉल बँडविड्थ, म्हणजे दुव्याची क्षमता, आणि विलंब मोजतो, त्यामुळे हा दोष साऱ्या प्रकारावर लादणेही बरोबर नाही.)

सगळा कारभार ऐकीव माहितीवर चालत असल्याने, दुवा तुटल्यावर दोन राउटर एकमेकांचे शिळे आकडे खरे मानून अंतर वाढवत राहू शकतात. म्हणूनच रिपमध्ये १६ हॉप म्हणजे अनंत: तिथवर आकडा गेला की ते ठिकाण गाठता येत नाही असे धरतात. स्प्लिट होरायझन हा यावरचा आणखी एक उपाय, म्हणजे ज्याच्याकडून मार्ग कळला त्यालाच तो परत न सांगणे, दोन राउटरांपुरता पुरतो. तीन राउटरांच्या वर्तुळात पुरेलच असे नाही.