शिव्या देणाऱ्याकडे शब्दच कमी असतात? नाही हो!

लहानपणापासून ऐकतोय, ज्याला शब्द सुचत नाहीत तो शिव्या देतो. शाळेत बाई हेच म्हणायच्या, घरी आजी पण. पण हे खरं नाहीये. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या क्रिस्टिन जे आणि टिमोथी जे यांचा अभ्यास छापून आला, त्यात लोकांना एक मिनिट देऊन आठवतील तेवढ्या शिव्या सांगायला लावल्या, शिवाय ठरावीक अक्षराचे साधे शब्दही, आणि ज्यांना साधे शब्द भराभर सुचले त्यांनाच शिव्याही जास्त सुचल्या. याचा अर्थ शिव्या दिल्याने भाषा सुधारते असा मात्र कुणी काढू नका.

आणि आपले ते 'सभ्य' शब्द? आजी शिवीला डोळे वटारायची, पण मांजराने दुधात तोंड घातलं की 'शिंचं मेलं' ठरलेलं. शिंचा म्हणजे 'शिंदळीचा' (शिंदळ म्हणजे व्यभिचारी बाई) झिजून झालेला, अगदी अस्सल शिवी. च्यायलामध्ये आई आहेच, आणि 'आयचा घो'मधला घो म्हणजे मालवणीत नवरा. वापरून वापरून धार गेली एवढंच, म्हणून मला हे शब्द मनापासून आवडतात, कुणाच्या आईबहिणीवरून खरीखुरी शिवी देणं मात्र अजिबात पटत नाही.

अजून एक, इंग्लंडच्या कील विद्यापीठाने २०२० मध्ये बर्फाच्या पाण्यात हात ठेवायला लावून बघितलं, खऱ्या शिवीने वेदना जास्त वेळ सहन झाली, 'फाउच' असल्या बनवलेल्या शब्दाने काहीच फरक पडला नाही. त्यामुळे दारात बोट चेमटल्यावर तोंडातून च्यायला निघालं तर पोराला लगेच रागवू नका, आधी बोट बघा.