दार वाजवणारा कोण? इमेज रजिस्ट्रीच्या वेबहुकची पार्श्वभूमी

इंदूरच्या विजयनगरात आमचं छोटं ऑफिस आहे. तिथला क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम) पूर्वी दर पाच मिनिटांनी रजिस्ट्रीला, म्हणजे चालवायला तयार सॉफ्टवेअरची पॅकेजेस (इमेज) ठेवणाऱ्या कोठाराला, विचारायचा, नवी इमेज आली का? दिवसाला २८८ वेळा, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच: नाही.

या विचारपुशीतून सुटका करणारा ‘वेबहुक’ हा शब्द जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये रूढ केला. तुम्ही विचारत बसायचं नाही. काही घडलं की समोरचाच तुमच्या पत्त्यावर एचटीटीपी पोस्ट, म्हणजे वेबवरून निरोप, पाठवणार. पण पाठवणारा खरा कोण, हे ओळखायची ठरलेली रीत त्यात नव्हती.

ओळखीचं साधन तर दहा वर्षं आधीच हाताशी होतं. फेब्रुवारी १९९७ च्या आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात एचमॅक मांडलेलं आहे: दोघांकडे एकच गुप्त किल्ली, तिच्या आधारे मजकुराची सही. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी सही जुळत नाही. कोड साठवणाऱ्या गिटहबने आपल्या वेबहुकसाठी हीच वाट धरली, सहीसाठी आधी शा-१ हे हॅशचं गणित, पुढे शा-२५६.

अशा इमेज बनवणारं आणि चालवणारं डॉकर २०१३ मध्ये आलं, त्याची रजिस्ट्री डॉकर हब २०१४ मध्ये. इमेज पुश झाली, म्हणजे रजिस्ट्रीत चढवली, की हबचा वेबहुक रिपॉझिटरीचं (इमेजच्या कप्प्याचं) नाव, टॅग (आवृत्तीचं लेबल), पुश करणाऱ्याचं नाव असा जेसन मजकूर पाठवतो. सही मात्र पाठवत नाही. म्हणून लोक यूआरएलमध्येच लांबलचक टोकन (गुप्त खुणेचा शब्द) घालतात, आणि तो यूआरएल प्रॉक्सीच्या, म्हणजे मधल्या सर्व्हरच्या, लॉगमध्ये जसाच्या तसा उतरतो. हार्बर या दुसऱ्या रजिस्ट्रीत निदान ऑथ हेडर देता येतो, म्हणजे गुप्त खूण यूआरएलबाहेर, निरोपाच्या शीर्षभागात जाते.

आमच्या स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) एका सकाळी डिप्लॉय, म्हणजे नवी इमेज चालू करणं, सुरू झालेला दिसला. पुश कुणीच केला नव्हता. टोकनसकट यूआरएल आम्हीच एका ग्रुपवर चिकटवला होता. “दादा, कुणीही यावं टपली मारून जावं, असं झालंय हे,” शेजारी बसणारी मुलगी लॉग दाखवत म्हणाली. तिचं खरं होतं.

एप्रिल २०१९ मध्ये डॉकर हबच्या एका डेटाबेसमध्ये परक्याचा शिरकाव झाला. सुमारे १,९०,००० खाती त्यात होती, आणि काहींचे ऑटोबिल्डसाठीचे (कोडवरून आपोआप इमेज बनवण्यासाठीचे) गिटहब आणि तशाच बिटबकेटचे टोकनही. तेव्हापासून टोकन ठरावीक काळाने बदलणं मला सहीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता आमचा रिसीव्हर, म्हणजे वेबहुक घेणारा प्रोग्राम, पोस्टला फक्त वर्दी समजतो. टॅग आज एका इमेजवर असतो, उद्या दुसऱ्या. डायजेस्ट, म्हणजे इमेजचा ठसा, मात्र इमेजच्या मजकुरावरूनच ठरतो. म्हणून वर्दी आली की रिसीव्हर स्वतःच्या लॉगिनने रजिस्ट्रीकडून डायजेस्ट आणतो, चालू डायजेस्टशी ताडून पाहतो आणि बदल असेल तरच हलतो. खोटी वर्दी आली, तर लॉगमध्ये एवढंच उमटतं: डायजेस्ट तोच, डिप्लॉय नाही.