थम्सअप कुणाचं आणि कॅम्पा कुणाचा?

पन्नाशी ओलांडलेल्या चार जणांत जुन्या कोल्ड्रिंकचा विषय निघाला की एक घोळ ठरलेला. कुणीतरी म्हणतं, ‘कॅम्पा पार्लेचाच ना? गोल्ड स्पॉटवाल्यांचा?’ दुसरा म्हणतो, ‘कोक गेला आणि त्याच्याच लोकांनी नाव बदलून थम्सअप काढलं.’ दोन्ही वाक्यांत खरं आहे, फक्त ते चुकीच्या बाटलीत भरलंय. गोल्ड स्पॉट हे संत्र्याचं पेय बनवणाऱ्या पार्लेने काढलं ते थम्सअप. कोकच्या बाटल्या भरणाऱ्यांनी काढला तो कॅम्पा. दोघांचा रंग काळा, दोघांचा उगम १९७७च्या उलथापालथीत, म्हणून सरमिसळ होते. घराणी मात्र वेगळी, आणि मुख्य म्हणजे धंदेही वेगळे.

आधी १९७७चं बघू. ‘जॉर्ज फर्नांडिसांनी कोकला हाकललं’ हे वाक्य इतक्यांदा म्हटलं गेलंय की कायदाही त्यांनीच केला असं वाटतं. कायदा होता फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा, आणि तो इंदिरा गांधींच्या काळातला, १९७३चा. परदेशी कंपन्यांनी भारतातली आपली मालकी ४० टक्क्यांवर आणावी, असा त्याचा रोख. जनता सरकार आल्यावर उद्योगमंत्री फर्नांडिसांनी अंमलबजावणीचा आग्रह धरला. भागीदार घ्यायचा तर गुपित कृतीवरचा ताबा सैल होणार, ते कोका-कोलाला नको होतं. कंपनी निघून गेली. दुकानातल्या फळीवर एक जागा रिकामी झाली आणि ती भरायला तीन उमेदवार आले.

तिसरा पटकन सांगून मोकळं होऊ. ‘डबल सेव्हन’ हा सरकारी कोला. चव म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेची, उत्पादन मॉडर्न फूड इंडस्ट्रीजचं, म्हणजे मॉडर्न ब्रेडवाल्यांचं. नाव सत्त्याहत्तर सालावरून. सरकार गेलं तशी त्याची वाटचालही थंडावली.

उरलेल्या दोघांतला फरक कळायला या धंद्याची रचना माहीत हवी. कोल्ड्रिंक बनवणारा आणि बाटली भरणारा हे बहुतेक वेळा दोन वेगळे मालक असतात. पहिला कॉन्सन्ट्रेट बनवतो: सुगंधी अर्क, फॉस्फोरिक ॲसिड, कॅरमलचा रंग, कॅफीन. दुसरा, म्हणजे बॉटलर, ते विकत घेतो. साखरेचा गाळलेला पाक करून त्यात कॉन्सन्ट्रेट मिसळलं की सिरप तयार होतं. ढोबळ प्रमाण एक भाग सिरपला पाच भाग पाणी. २०० मिलीच्या बाटलीत सिरप जेमतेम ३३ मिली, बाकी पाणी. कोल्यात १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे त्या एका बाटलीत वीस-बावीस ग्रॅम, चहाचे चार-पाच चमचे.

मग गॅस. बाटलीत द्रवाच्या साडेतीन-चार पट आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो. तो थंड पाण्यातच नीट विरघळतो. ४ अंशाच्या पाण्यात जेवढा मावतो, त्याच्या जेमतेम निम्मा २५-३० अंशाच्या पाण्यात मावतो. भरताना थंडपणा कमी पडला की नळाखालीच फेस येतो, बाटली उतू जाते, माल अर्धवट भरला जातो. पाण्यात क्षार, विशेषतः बायकार्बोनेट जास्त राहिलं की ते ॲसिडला मारतं आणि कोला सपक लागतो. बिल्ला, म्हणजे ते एकवीस दातांचं पत्र्याचं झाकण, सैल बसलं तर बाटली दुकानात पोचेपर्यंत गॅस निघून जातो. एकाच कॉन्सन्ट्रेटचा कोला दोन गावांत दोन तऱ्हांचा लागतो तो यामुळे. हे सगळं सांभाळायचं बॉटलरने. यंत्रं, परत येणाऱ्या काचेच्या बाटल्या, कॉस्टिक सोड्याने त्या धुणं, क्रेट, ट्रक, दुकानदाराचं डिपॉझिट, सगळा पैसा त्याचा अडकलेला. चवीचं गुपित तेवढं त्याचं नसतं.

कॅम्पावाले या दुसऱ्या जातीचे. दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सने १९५० साली भारतात कोका-कोला भरायला सुरुवात केली. सरदार मोहन सिंग यांचं हे घराणं; पुढे चरणजित सिंग यांनी कारभार पाहिला, ते दिल्लीतून खासदारही झाले. पाव शतक कोक भरून यांच्याकडे कारखाने होते, बाटल्या होत्या, दुकानदार बांधलेले होते. १९७७ला एकच गोष्ट नाहीशी झाली, ती म्हणजे आत भरायचं कॉन्सन्ट्रेट. यंत्रं रिकामी ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून स्वतःचा कोला आला. कॅम्पा कोला हे नाव जुन्या ठेक्यात बसणारं, लेबलावरच्या अक्षरांचं वळणही कोकची आठवण करून देणारं. ‘द ग्रेट इंडियन टेस्ट’ ही ओळ त्यावर. गिऱ्हाइकाला जुनी सवय मोडावी लागू नये, हा सगळा बेत. सोबत कॅम्पा ऑरेंज होतंच. सलमान खान चित्रपटांत दिसण्याआधी कॅम्पाच्या जाहिरातीत दिसला होता, ही माहिती आता जवळपास प्रत्येकाला असते. कॅम्पा कुणाचा, ही नसते.

थम्सअपवाले पहिल्या जातीचे. मोहनलाल चौहान यांनी १९२९ साली विलेपार्ल्यात गोळ्या-चॉकलेटचा कारखाना काढला, तिथून पार्ले हे नाव. पुढे घरातल्या शाखा वेगळ्या झाल्या आणि आजही लोक त्यांची गल्लत करतात. पार्ले-जी बनवणारं पार्ले प्रॉडक्ट्स वेगळं. फ्रूटीवालं पार्ले ॲग्रो वेगळं. बिसलेरी, ती रमेश चौहानांच्या दाराआड. थम्सअप आलं ते जयंतीलाल चौहान यांच्या शीतपेयांच्या शाखेतून, त्यांची मुलं रमेश आणि प्रकाश यांच्या काळात. कोक भारतात असतानाच या शाखेकडे गोल्ड स्पॉट होतं, लिम्का होतं. चव जमवणं, कॉन्सन्ट्रेट करून देशभरच्या बॉटलरांना देणं, हा त्यांचा रोजचा व्यवहार. त्यामुळे कोल्याची जागा रिकामी झाली तेव्हा कोकसारखं काही करायची त्यांना गरज वाटली नाही. थम्सअप जास्त झणझणीत, कमी गोडसर वाटणारं, मागे मसाल्याची कडवट किनार सोडणारं केलं. हा हिशेब पक्का होता. त्या काळात टपरीवरची बाटली बर्फाच्या पेटीतून येई, कधी नुसत्या पाण्याच्या टबातून. कोमट कोल्यात गोडी अंगावर येते आणि गॅस मलूल होतो. ज्यात गॅस आणि तिखटपणाच जास्त, तो तरीही पिण्यासारखा राहतो.

इंग्रजी नावातलं ‘बी’ अक्षर गाळलेलं आहे, ती छपाईची चूक नव्हे, नोंदलेलं नावच तसं आहे. आणि मनमाडजवळ रेल्वेतून दिसणारा हडबीची शेंडी हा सुळका, ज्याला नवी पिढी सरळ थम्सअप डोंगर म्हणते, तो पाहूनच अंगठ्याचं चिन्ह सुचलं असं तिकडचे लोक सांगतात. मान्य करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मूठ वळून अंगठा वर केलेला दिसतो हे मात्र खरं.

पुढची दहा-बारा वर्षं दोघांचीही चांगली गेली. दोघांच्या घडणीतला फरक नव्वदीत बाहेर आला. १९९०ला पेप्सी ‘लेहर पेप्सी’ या नावाने आली, १९९३च्या ऑक्टोबरमध्ये आग्र्याहून कोका-कोला परतली.

पार्लेकडे तेव्हा शीतपेयांचा निम्म्याहून मोठा बाजार होता. पण बाटल्या भरणारे बहुतेक कारखाने स्वतंत्र मालकांचे होते. बॉटलर कोककडे गेला की त्या गावातलं थम्सअप बंद, इतका साधा धोका. रमेश चौहान यांनी १९९३मध्ये थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा ही नावं कोका-कोलाला विकली. रक्कम सुमारे ६ कोटी डॉलर सांगितली जाते. बिसलेरी स्वतःकडे ठेवली. विकत घेणाऱ्याला थम्सअपपेक्षा बाटल्यांचं जाळं हवं होतं, हे पुढच्या काही वर्षांत दिसलं. जाहिरातीचा जोर कोकवर, थम्सअप मागे. पण थम्सअप पिणारा कोककडे वळेना; थम्सअप मिळालं नाही तर तो पेप्सीही घेऊ शकतो हे लक्षात आल्यावर कंपनीने ते पुन्हा पुढे आणलं. २०२१मध्ये त्याची वार्षिक विक्री १०० कोटी डॉलरवर गेली. गोल्ड स्पॉटच्या नशिबी हे नव्हतं.

कॅम्पाचं उलटं. कारखाने स्वतःचे, म्हणून बॉटलर पळण्याची भीती नव्हती. पण लोक कॅम्पा पीत होते ते बऱ्याच अंशी कोक नव्हता म्हणून. मूळचाच परत आल्यावर त्याच्यासारख्याला कोण विचारणार? वेगळी चव हे भांडवल थम्सअपकडे होतं, कॅम्पाकडे ते थोडं. २०००च्या आसपास दिल्लीतला कारखाना बंद पडला. थम्सअपचा मालक बदलला आणि पेय टिकलं. कॅम्पाचा मालक तोच राहिला आणि पेय गेलं.

मुंबईत कॅम्पाचं नाव मधल्या काळात जिवंत राहिलं ते भलत्याच कारणाने. वरळीची कॅम्पा कोला कंपाउंड. ती जमीन महापालिकेने पन्नासच्या दशकात प्युअर ड्रिंक्सला भाडेपट्ट्याने दिली होती. ऐंशीच्या दशकात तिथे इमारती झाल्या, मंजुरी पाच मजल्यांची आणि बांधकाम त्याहून पुष्कळ वर, एक तर वीस मजली. २०१३-१४मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि वरच्या मजल्यांवरच्या रहिवाशांना घरं सोडायचा आदेश झाला. त्या बातम्या पाहणाऱ्या कित्येक तरुणांना हे एखाद्या पेयाचं नाव आहे याचा पत्ताच नव्हता.

२०२२मध्ये रिलायन्सने कॅम्पा घेतला, किंमत सुमारे २२ कोटी रुपये असल्याच्या बातम्या होत्या. मार्च २०२३मध्ये कोला, लेमन आणि ऑरेंज अशा तीन चवींत तो परत आला, २०० मिली १० रुपयांना. म्हणजे आज थम्सअप कोका-कोलाचं आणि कॅम्पा रिलायन्सचा. पार्लेचं यातलं काहीच नाही. खात्री करायची तर बाटलीच्या मागे बारीक अक्षरात बघा: उत्पादक म्हणून कुठल्याशा बॉटलरचं नाव असेल, त्यावर जाऊ नका, ‘ट्रेडमार्क’ किंवा ‘मार्केटेड बाय’च्या पुढे मालक सापडतो.

दोघांची चव ताडून पाहायची असेल तर थोडी शिस्त लागते, नाहीतर बाटली आणि फ्रिज यांचीच तुलना होते. दोन्ही एकाच आकाराच्या घ्या. प्लास्टिकच्या बाटलीतून गॅस हळूहळू झिरपतो, आणि लहान बाटलीतून जास्त वेगाने, कारण आतल्या द्रवाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा. म्हणून एक काचेची आणि एक प्लास्टिकची घेऊ नका, आणि भरल्याच्या तारखा शक्यतो जवळच्या बघा. रात्रभर फ्रिजच्या एकाच कप्प्यात ठेवा, दारात नको, तिथे तापमान वरखाली होतं. बर्फ घालू नका. कोरडे, साबणाचा अंश नसलेले पेले घ्या, पेला तिरका धरून ओता. पहिला घोट गार, आणि दुसरा वीस मिनिटांनी, कोमट झाल्यावर घ्या. फरक कळतो तो या दुसऱ्या घोटाला.